दोत्ता उत्तरेला का गेला

हसा, हसा. तुमचं हसणं पुरतं होऊ दे, मग बोलतो.

माइक उजवीकडे होता आणि मी डावीकडे निघालो, हे खरं आहे. चौसष्टाव्या वर्षी असं होतं. आणि अध्यक्षांनी मागून जे म्हटलं, "अरे रेग्ली, दोत्ता झाला का तुझा? माइक इकडे आहे!", ते आपल्यापैकी कोणीही म्हटलं असतं. चाळीस वर्षं आपण ते म्हणत आलो आहोत. कोणी चुकीचा पाना उचलला, दोत्ता झाला. कोणी पिऊन शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावली, दोत्ता झाला. मीही त्यावर हसलो आहे.

आता सगळे गप्प झालात. व्यासपीठावर दुसऱ्या खुर्चीवर कोण बसलं आहे ते लक्षात आलं. असू दे. वाल्टर, बस खाली. माफी आत्ता मागू नकोस. माझं बोलणं झाल्यावर मागावीशी वाटली तर माग.

रीतीनं सुरुवात करतो.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोशेनेनचे ग्रामप्रमुख वाल्टर गामा; उद्यापासून वेळापत्रक बदलत असतानाही वेळ काढून आलेले, बोगद्याच्या देखभालीचे प्रमुख श्री. फुर्गर, बोगद्याच्या दक्षिण तोंडाच्या आयरोलोहून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या ओर्नेल्ला दोत्ता, माझा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेणाऱ्या समितीच्या चिटणीस बार्बला त्रेश, बोगद्याच्या दोन्ही तोंडांचे माझे सहकारी, माझी पत्नी क्लारा, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सर्व जण. तुम्ही आलात. बाहेर इतका बर्फ असताना आलात. त्याबद्दल आधीच आभार मानतो, कारण शेवटी ते राहून जाण्याची शक्यता आहे.

श्री. फुर्गर माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. एका सामान्य गस्तवाल्याबद्दल इतकं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हे घड्याळही सर्वांना दाखवलं. त्याच्या पाठीवर कोरलेलं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं: "त्रेचाळीस वर्षांत एकही गस्त न चुकवणाऱ्या योस्ट रेग्ली यांस." अक्षर सुंदर आहे. आल्टडॉर्फच्या सोनाराचं काम दिसतं.

ते वाक्य खरं नाही. गस्ती चुकल्या होत्या. त्यांतल्या एकीबद्दल आज मला बोलायचं आहे. प्लीनिओ दोत्ता वाट चुकला नव्हता, एवढं या सभागृहात सांगून मला खाली बसायचं आहे. बाकी जे बोलेन ते त्यासाठी लागतं म्हणून.

इथे पुष्कळ तरुण मंडळी आहेत. त्यांनी पायी गस्त पाहिलेली नाही. आता ते काम दिव्यांची आणि कॅमेऱ्यांची गाडी करते, आणि माणसापेक्षा बरं करते. आमच्या वेळी दोन माणसं लागत. एक आपल्या बाजूनं निघायचा, एक आयरोलोच्या बाजूनं. दोघेही पहाटे साडेपाचला. हातात दिवा, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, खिशात खडू. रूळ बघत, ठोकत, दर अर्ध्या किलोमीटरला भिंतीवर तारीख आणि आपल्या नावाचं अक्षर लिहीत दोघेही साडेसातच्या सुमाराला मध्यावर पोहोचायचे. साडेसात किलोमीटर त्याचे, साडेसात माझे. मध्यावर एक मोठा कोनाडा आहे, त्यात टेलिफोन आहे. तिथे बसून खायचं, आणि बिल्ले बदलायचे. पितळेचा बिल्ला, पाच फ्रँकच्या नाण्यापेक्षा जरा मोठा. त्याचा बिल्ला घेऊन मी गोशेनेनला परत यायचं, माझा घेऊन तो आयरोलोला जायचा. इथल्या स्टेशनमास्तरनं त्याचा बिल्ला फळीवर टांगला की गस्त पुरी झाली. संध्याकाळच्या गाडीनं बिल्ले आपापल्या बाजूला परत जायचे. कागद नाही, सही नाही. समोरच्याचा बिल्ला आणलास म्हणजे तू मध्यापर्यंत गेला होतास, आणि तोही आला होता.

ती फळी समितीनं आज सजावटीसाठी इथे लावली आहे. मागे पाहा. कोणी तरी तिला पॉलिश केलं आहे. तिच्यावर अकरा नंबर टांगलेला आहे. तो प्लीनिओचा. तो गेल्यावर तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला नाही, तसाच राहू दिला. माझा नंबर सात. आज शेवटी मी तो तिथे टांगायचा आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे.

प्लीनिओ माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा होता. मी नवीन लागलो तेव्हा काम त्यानंच शिकवलं. बोगद्याच्या मध्यावर बसून, अर्थात. त्याच्या डब्यात थंड पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सॉसेज असायचं. माझ्याकडे चीज आणि सुक्या नासपतीचा पाव. पहिल्या दिवशी त्यानं माझा डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "हे कोणी मेल्यावर वाटतात का तुमच्याकडे?"

रोज भेटल्यावर पहिला प्रश्न हवेचा. कारण आत हवा नसते.

"बाहेर काय आहे तुझ्याकडे?"

"बर्फ. तुझ्याकडे?"

"ऊन."

"काल पण ऊन, परवा पण ऊन. खोटारडा आहेस तू."

"लेका, तू उत्तरेचा, उरी प्रांताचा माणूस. तुमच्याकडे ऊनसुद्धा अर्ज केल्याशिवाय येत नाही."

हे चार वर्षं रोज चालायचं. आयरोलोला खरंच इतकं ऊन असतं का, हे बघायला मी एकदा सुट्टी घेऊन गेलो. पाऊस पडत होता. त्याची बायको आदेलीना म्हणाली, "तुम्ही घेऊन आलात." त्यांची मुलगी ओर्नेल्ला तेव्हा पाच वर्षांची होती. टेबलाखाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

मी चांगला गस्तवाला नव्हतो. हे श्री. फुर्गर यांना माहीत असण्याचं कारण नाही, ते तेव्हा जन्मले नव्हते. मला झोप आवरायची नाही. दोन वर्षांत दोनदा ताकीद मिळाली होती. तिसरी मिळाली असती तर नोकरी गेली असती, आणि क्लाराशी लग्न ठरलेलं होतं. प्लीनिओनं एक दिवस मध्यावर खिशातून बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. अकरा नंबर. त्याचा स्वतःचा तर गळ्यात होता. हा दुसरा. मेव्हण्याच्या भट्टीत ओतून घेतलेला.

"ठेव. माझ्याकडे तुझा पण एक आहे, सात नंबर. एखाद्या दिवशी जमलं नाही तर फळीवर हा टांग. मी तिकडे तो टांगीन."

मी विचारलं, "आणि तुला कसं कळणार, मी येणार नाही ते?"

"साडेपाचच्या आत आमच्या दिव्यांच्या खोलीत फोन कर. दोन घंट्या, मग ठेवून दे. मग मी मध्यावर थांबणार नाही. पण घंटी दे हं, योस्ट. नाहीतर मी तुला शोधत येईन."

असं आम्ही चार वेळा केलं. दोनदा त्यानं, दोनदा मी. हे नियमाविरुद्ध होतं. त्या दिवशी अर्धा बोगदा कोणी बघितलेला नसायचा. काही झालं नाही हे आमचं नशीब. बार्बला, हेही लिहा.

आता १९७७. फेब्रुवारीतला कार्निव्हलचा गुरुवार. आपल्याकडे त्या दिवशी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी मोठा ढोल वाजवायचो. गुरुवारी सकाळी मध्यावर प्लीनिओला सांगितलं, आज रात्रभर ढोल आहे. तो म्हणाला, "वाजव. पण उद्या ये, नाहीतर घंटी दे." मी म्हटलं, "येतो रे." त्यानंतर आम्ही बोललो नाही. प्लीनिओ माझ्याशी शेवटचं हे बोलला. ते नीट लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याकडे यायचं आहे.

शुक्रवारी सव्वापाचला मी थेट मिरवणुकीतून दिव्यांच्या खोलीत गेलो. मिरवणुकीसाठी तोंडाला फासलेलं काजळ तसंच होतं. दिवा घेतला, सही केली. घंटी दिली नाही, कारण मी जाणार होतो. मागच्या कोठीत बूट बदलायला बाकावर बसलो. एक बूट चढवला.

जाग आली तेव्हा घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी होती. दुसरा बूट हातात होता.

मी काय केलं? दुसरा बूट घातला. दिव्याची काच काळी केली. साडेनऊपर्यंत कोठीत बसून राहिलो. मग बोगद्याच्या तोंडाकडून आल्यासारखा स्टेशनात आलो. काजळानं माखलेला माणूस आणि बोगद्यातून आलेला माणूस सारखाच दिसतो. स्टेशनमास्तर तेव्हा इंडरगांड होते, त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्यांच्या टेबलावर अकरा नंबर ठेवला. त्यांनी तो फळीवर टांगला आणि विचारलं, "कसा आहे रे दोत्ता?"

मी म्हटलं, "बरा आहे."

त्या वेळी प्लीनिओला जाऊन तास झाला होता.

सव्वादहाला बातमी आली. माणूस सापडला होता. चार किलोमीटरच्या खुणेपाशी. आपल्या तोंडाकडून चार. म्हणजे माझ्या अर्ध्यात.

तुम्हाला सगळ्यांना चौकशीचा निकाल माहीत आहे, तरी सांगतो. फळीवर प्लीनिओचा बिल्ला होता. त्याच्या खिशात माझा बिल्ला सापडला, सात नंबर. म्हणजे भेट झाली होती. बिल्ले बदलले होते. त्यानंतर त्यानं दक्षिणेला जायचं, तो उत्तरेला आला. म्हणजे मी निघून गेल्यावर उठताना वाट चुकला. मध्यापासून दोन्हीकडे उतारच आहे, पाणी दोन्हीकडे सोबत वाहतं, पायांना फरक कळत नाही. चौकशी दोन तासांत संपली. रेल्वेचं काय चुकलं? त्यांच्यासमोर दोन बिल्ले होते. मला एकच विचारलं, "भेटलात तेव्हा तो प्यायलेला वाटला का?" मी "नाही" म्हटलं. ते एक खरं बोललो. पण ज्यानं त्याला पाहिलंच नाही, त्याच्या "नाही"ला काय अर्थ? त्यांनी लिहिलं, "सहकाऱ्याच्या लक्षात आले नाही."

आयरोलोचा एक म्हातारा गस्तवाला तेव्हा म्हणाला होता, "प्लीनिओ झोपेतसुद्धा चुकला नसता. घरी जाताना टेलिफोनच्या तारा डाव्या हाताला असतात. हात लावला की कळतं." त्याचं कोणी ऐकलं नाही. बिल्ला फळीवर होता.

मग आपण "दोत्ता झाला" म्हणायला लागलो. ते कोणी काढलं मला माहीत नाही. मी नाही काढलं. एवढं स्वतःच्या बाजूनं सांगतो.

तो उत्तरेला का आला? मध्यावर दहा मिनिटं थांबला असेल. नियम असा होता की समोरचा आला नाही तर कोनाड्यातून फोन करायचा. फोन केला असता तर दोन्ही स्टेशनांना कळलं असतं आणि माझी तिसरी ताकीद झाली असती. घंटी वाजली नव्हती, म्हणजे मी आत कुठे तरी आहे, पडलो आहे, असं त्याला वाटलं असेल. तो मला शोधत आला.

आणि नुसता शोधत आला नाही. हे चौकशीला माहीत नाही, क्लाराला कालपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. गस्त नेहमीसारखी निघाली. आयरोलोकडून बदली माणूस, इकडून मी. चौकशीचे लोक चार किलोमीटरच्या जागेपर्यंत आले होते आणि तिथूनच परत गेले होते. त्यांना पुढे जायचं किंवा भिंती बघायचं कारण नव्हतं. मी पुढे गेलो. साडेचारच्या खुणेपाशी भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं: १८.२, आणि पुढे "रे". पाचला तेच. साडेपाचला, सहाला, साडेसहाला, सातला. सहा ठिकाणी. अठरा म्हणजे आदला दिवस. रे म्हणजे मी. दोनाच्या आकड्याला गोल गाठ होती, तशी मी काढत नाही. अक्षर त्याचं, नाव माझं. तो मला शोधता शोधता माझी गस्त घालत होता.

आपल्या अर्ध्यातले कोनाडे पायांना पाठ असतात. गाडी आली की डोकं विचार करत नाही, पाय जातात. दुसऱ्याच्या अर्ध्यात पाय नवखे. दोन गाड्या एकाच वेळी आल्या. मालगाडीच्या आवाजात दुसरी ऐकू आली नसेल. याहून जास्त मला माहीत नाही आणि मी ते मनानं रचणार नाही.

मी त्या सहाही खुणा पुसल्या. पाच बाहीनं. बाही पांढरी झाली, म्हणून सहावी टोपीनं पुसली. मध्यावर बदली माणूस वाट पाहत होता. तो म्हणाला, "टोपीला काय लागलंय?" मी म्हटलं, "चुना."

परत येताना चार किलोमीटरच्या जागेपासून वीसेक पावलांवर पाण्याच्या नालीत मला हा सापडला.

हा. मागच्या लोकांना दिसत नसेल तर पुढे या. अकरा नंबर. मागे फळीवर आहे तोही अकरा नंबर. तो भट्टीतला आहे, त्याचं भोक जरा तिरकं आहे, बघून घ्या. हा खरा. हा त्याच्या गळ्यात होता. त्यानं तो कोणाला दिलाच नव्हता, कारण द्यायला समोर कोणी आलं नव्हतं.

श्री. फुर्गर, हा तुम्ही हातात घेऊन पाहा. मग व्यासपीठावर पुढे द्या.

एकोणचाळीस वर्षं हा माझ्याकडे आहे. हातोड्याच्या पेटीत, फडक्यात. मी त्यानंतर कधी झोपलो नाही. म्हणजे कामावर. त्रेचाळीसमधली एकोणचाळीस वर्षं एकही गस्त चुकली नाही हे खरं आहे, आणि त्यात माझं कौतुक काही नाही.

दर चार डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, मी आदेलीनाला मेणबत्ती पाठवायचो. बोगद्यातल्या माणसांचा दिवस म्हणून. तिचं कार्ड यायचं. "उत्तरेकडचा एकच माणूस आठवण ठेवतो." दर वर्षी तेच वाक्य, कधी खाली घरची एखादी बातमी. ती कार्डं मी जपून ठेवली नाहीत, जाळलीही नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात आहेत. यंदा एप्रिलमध्ये ती गेली. ती जाईपर्यंत मी थांबलो का? हो, थांबलो. ठरवून नाही, पण थांबलो.

आता ओर्नेल्लाबाईंबद्दल. तुम्ही त्यांना ओळखता. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खिंडीवरून जी पिवळी बस जाते ती त्या चालवतात. चोवीस वर्षं चालवताहेत. बोगद्यातून त्या कधीच आल्या नव्हत्या. हिवाळ्यात खिंड बंद झाली की त्या दक्षिणेलाच राहायच्या. इकडे कोणाचं लग्न असो, मयत असो, उत्तर एकच: "खिंड उघडली की येईन." आज खिंड बंद आहे. आज एक वाजून बारा मिनिटांच्या गाडीनं त्या आल्या. मी फलाटावर होतो. "प्रवास कसा झाला?" विचारलं. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं लागली."

बक्षीस त्यांच्या हातून द्यावं असं मीच समितीला सुचवलं. बार्बलानं कारण विचारलं तर मी म्हटलं, दोन्ही बाजूंचा स्नेह. तसं पत्रिकेत छापलं आहे. आणि त्या का आल्या, तेही मला त्यांनी फलाटावरच सांगितलं. त्यांची आई सांगून गेली होती, योस्ट रेग्लीनं बोलावलं तर नाही म्हणू नकोस.

आठ वर्षांची असताना शाळेच्या फाटकात पोरं तिला ओरडायची, "ए दोत्ता, शाळा इकडे आहे!" हे मला तिनंच सांगितलं. खिंडीच्या माथ्यावर, अठरा वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. मी तिच्या बसनं चाललो होतो. माथ्यावर बस वीस मिनिटं थांबते. उतारू तलावाचे फोटो काढत होते. ती पायरीवर बसून सफरचंद खात होती. म्हणाली, "रेग्लीकाका, एक विचारू? बाबांना शेवटचं बघितलं ते तुम्ही. काय म्हणाले होते ते?"

तिथे मी सांगू शकलो असतो. बसचं इंजिन बंद होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "मी विचारलं, तुझ्याकडे काय आहे. ते म्हणाले, ऊन."

ती हसली. म्हणाली, "त्या दिवशी आमच्याकडे बर्फ पडत होता. म्हणजे बाबा थट्टा करत होते."

"हो," मी म्हटलं, "थट्टा करत होते."

ओर्नेल्ला, तुझ्या भावाच्या पोरांनाही तू ते सांगितलंस असं मला तुझ्या आईच्या एका कार्डावरून कळलं होतं. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. ते त्या दिवशीचं नाही. ती थट्टा तुझे बाबा रोज करायचे, पण त्या दिवशी त्यांनी केली नाही, कारण मी तिथे नव्हतो. त्यांचं खरं शेवटचं बोलणं आदल्या दिवशीचं. "उद्या ये, नाहीतर घंटी दे." मी आलो नाही आणि घंटी दिली नाही. हे वाक्य त्या वाक्यापेक्षा वाईट आहे, मला माहीत आहे. पण हे त्यांचं आहे.

तुझे बाबा वाट चुकले नाहीत. ते उत्तरेला जाणूनबुजून आले.

वाल्टर, मला वेळेची खूण करू नकोस, संपवतोच आहे.

काल मी क्लाराला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या तिथे सांगणार?" मी "हो" म्हटलं. तिनं माझा कोट काढला आणि ब्रश केला.

श्री. फुर्गर, आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, चौकशीच्या कागदाला माझं आजचं बोलणं जोडावं. बार्बलाबाई प्रत देतील, मी खाली सही करीन. दुसरी, बोगद्याच्या तोंडाशी जो दगड आहे, कामावर गेलेल्यांचा, त्यावर प्लीनिओचं नाव नाही. "स्वतःच्या चुकीनं" गेलेल्यांची नावं त्यावर घालत नाहीत असा नियम आहे. आता ते घालता येईल असं मला वाटतं. मला काय शिक्षा करायची ते आपण बघावं. उद्यापासून जलद गाड्या खालच्या नव्या बोगद्यातून जातील, आमच्या बोगद्याचा कोणाला फारसा उपयोग उरणार नाही, म्हणून हे प्रकरण जुनं झालं असं कृपया म्हणू नये.

घड्याळ मी घेत नाही. त्यावरचं अक्षर चांगलं आहे, पण ते पुसता येणार नाही.

माझा सात नंबर मी फळीवर टांगतो. ती रीत आहे, ती मोडायचं कारण नाही. तेवढ्यासाठी दोन पावलं मागे जातो. हं. झालं.

आता आभार. अध्यक्षांचे, की त्यांनी मला बोलू दिलं. समितीचे, की तिनं सभागृह गरम ठेवलं. स्वयंपाकघरात सूप ढवळत उभ्या असलेल्यांचे, त्यांनी अर्धंच ऐकलं असेल. आयरोलोच्या मंडळींचे, की ती उठून गेली नाहीत. निरोपाच्या भाषणात शेवटी उणंअधिक बोललं गेलं असेल तर पोटात घालावं असं म्हणतात. माझ्या बोलण्यात क्रम चुकला असेल, एखादं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचा मान राखला गेला नसेल. तेवढ्यापुरती क्षमा असावी. दुसऱ्या गोष्टीची मी मागत नाही. ती मागायची जागा ही नाही, आणि ज्याच्याकडे मागायची तो मला शोधत आला होता.

मी बसतो.

*

चिटणीसांची नोंद. भाषणानंतर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष गामा यांनी उभं राहून श्रीमती दोत्ता यांची माफी मागितली. खरा बिल्ला तेव्हा त्यांच्या हातात होता. परतीची गाडी असूनही त्या गेल्या नाहीत, त्यांनी स्टेशनवरच्या उपाहारगृहात वरची खोली घेतली. दुसऱ्या दिवशी, रविवार अकरा डिसेंबरला, सकाळी सातला मी फळी उतरवायला गेले. अकरा नंबरच्या खिळ्यावर सरळ भोकाचा बिल्ला होता. तिरक्या भोकाचा खाली टेबलावर, घड्याळाच्या डब्याशेजारी ठेवलेला होता. सात नंबर फळीवर नव्हता. उपाहारगृहाच्या बाईंनी सांगितलं, श्रीमती दोत्ता सहा पंचेचाळीसच्या गाडीनं आयरोलोला गेल्या, बोगद्यातून. जाताना त्यांनी विचारलं होतं, आयरोलो स्टेशनवर जुनी फळी अजून आहे का. आहे, असं बाईंनी सांगितलं.